सोवळ्यातला सर्व्हर

१

किंक्रांतीला नवं काम काढू नये म्हणतात. आम्ही जुनंच काढलं होतं, तरी घात व्हायचा तो झाला.

१५ जानेवारी १९९४ची सकाळ. वाळूज एमआयडीसीतला आमचा ‘मल्हार गिअर्स’ कारखाना संक्रांतीची सुटी संपवून उघडला होता. मी टेबलावर सांडलेला हलवा वेचत होतो, तेवढ्यात पुंडलिक खरात दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “सर, सर्व्हर उठत नाही.”

मी साहेबराव गाडेकर, तिथल्या कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. हाताखाली एकटा पुंडलिक. आईबापांनी नावातच साहेब घालून ठेवल्यामुळे ती पदवी मिळवायला मी फारशी मेहनत केली नव्हती. कारखान्यात सहा डेस्कटॉप होते, कुणाकुणाच्या टेबलावर, आणि त्या सगळ्यांना वायरीनं जोडलेला एक मोठा कॉम्प्युटर होता, तो सर्व्हर. त्याची खोली वेगळी, एसी वेगळा, किल्ली वेगळी. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. मालक आप्पासाहेब तर पाय धुऊन जायचे.

मी चपला काढून आत गेलो. पडदा काळा होता आणि वरच्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती. तीनदा बंद करून चालू केला. चार वर्षांत बनवलेल्या प्रत्येक गिअरची मोजमापं, साच्यांची चित्रं, तपासणीचे शेरे, काहीच उरलं नव्हतं. आत दोन डिस्क होत्या, एकीवर दुसरीची नक्कल सतत होत राहायची, आणि त्या सोयीचा मला भारी अभिमान होता. दोन्ही कोऱ्या. पाच दिवसांनी पुण्याच्या एका स्कूटर कंपनीचे लोक हीच मोजमापं तपासायला येणार होते.

पुंडलिक माझ्या मागं उभा होता. त्याच्या कानामागं निळ्या गुलालाचा डाग राहिला होता. आदल्याच दिवशी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळाल्याची घोषणा झाली होती, सोळा वर्षांच्या आंदोलनानंतर. विद्यापीठाच्या गेटवर लोक नाचले होते, आणि शहराच्या दुसऱ्या भागांत दुकानांची शटरं अर्धीच उघडी होती. कंपनीच्या बसमध्ये त्या सकाळी कुणी कुणाशी मोकळं बोलत नव्हतं.

आप्पासाहेब आले ते थेट व्हरांड्यात, दसऱ्याच्या पूजेचा मोठा फोटो लावलेल्या भिंतीपाशी उभे राहिले. त्यांनी एकच विचारलं, की आज खोलीची किल्ली कुणी घेतली. मी पुंडलिकचं नाव सांगितलं. खरेदी विभाग सांभाळणारे त्यांचे पुतणे काकासाहेब बाजूलाच होते.

“काल यांचा सण झाला,” काकासाहेब म्हणाले, “आज आपला दिवा विझवला.”

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं, आणि ते आलं याची आज लाज वाटते. पुंडलिक अजून प्रोबेशनवर होता. एक फेब्रुवारीला त्याला कायम केल्याचं पत्र मिळायचं होतं. आता पत्र राहिलं बाजूला, आप्पासाहेब पोलीस ठाण्याला फोन लावायला निघाले होते.

त्यांना अडवलं ते सोनाजीमामांनी. सोनाजीमामा आमचे सिक्युरिटी सुपरवायझर. मूळचे देवगाव रंगारीकडचे, घरी मेंढरं. स्वतः चाळिशीपर्यंत काठी घेऊन हिंडले, मग गेटवर आले. तीन वर्षांपूर्वी कारखान्यातून पितळी बुश चोरीला जात होते. पोलिसांनी पंधरा दिवस घालवले. मामांनी बाहेर जाणाऱ्या दुधाच्या रिकाम्या किटल्या नुसत्या हातानं उचलून पाहिल्या आणि दुपारपर्यंत चोर धरला. तेव्हापासून आप्पासाहेब त्यांचं ऐकायचे.

“मालक, उद्या सांजच्यापर्यंत थांबा,” मामा म्हणाले. “आज ह्या पोराला ठाण्यात नेलं तर गाव काय म्हणंल, ते तुमाला बी ठाव हाये. आन पोरगं निर्दोष निघालं, तर त्याचं नाव कुणी धुऊन देत नाय.”

आप्पासाहेबांनी फोन खाली ठेवला. उद्या संध्याकाळी सहा, त्यापुढं एक मिनिट नाही, असं त्यांनी बजावलं.

२

गेटवरच्या केबिनमध्ये मामांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले की मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, तुम्ही अडाण्याला सांगावं तसं सांगा.

आधी मी पुण्याला टिळेकरला फोन लावला. टिळेकर अँटिव्हायरस विकायचा. व्हायरस म्हणजे कॉम्प्युटरला लागणारा रोग, कुणीतरी खोडसाळपणे लिहून सोडलेला, फ्लॉपीवरून, म्हणजे माहितीची नेआण करायच्या चकतीवरून, पसरणारा, आणि अँटिव्हायरस म्हणजे त्यावरचं औषध. लक्षणं ऐकून टिळेकर म्हणाला की व्हायरसच वाटतो, यंत्राला हात लावू नका, मी उद्या सकाळी पोचतो. मग जरा थांबून त्यानं हळूच विचारलं, की सर्व्हरवर औषध टाकलं होतं का.

नव्हतं. इथं माझी गोष्ट सांगितली पाहिजे. सप्टेंबरात टिळेकर आला होता तेव्हा त्यानं साती यंत्रांवर औषध टाकायचा आग्रह धरला. मी सहा डेस्कटॉपना घेतलं आणि सर्व्हरला नाही म्हणालो. माझा युक्तिवाद मला तेव्हा बिनतोड वाटला होता. डेस्कटॉप म्हणजे गावची चावडी, जो येतो तो आपली फ्लॉपी खुपसतो, तिथं औषध हवंच. सर्व्हर म्हणजे गाभारा. कुलूप, किल्ली, चपला बाहेर. तिथं कुणी फ्लॉपी घालतच नाही, मग रोग शिरेल कुठून? शिवाय औषधानं यंत्र मंदावतं, हेही खरं होतं. टिळेकर निघताना एवढंच म्हणाला की साहेब, दाराला कुलूप आहे हे मान्य, पण किल्लीवाले हातही दारातूनच आत जातात. मी हसून त्याला चहा पाजला होता.

मामांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि काकासाहेबांना बोलावलं. काकासाहेबांचा डेस्कटॉप हा कामापेक्षा गेमसाठी प्रसिद्ध. निराला बाजारातून कुणाकुणाकडून ते फ्लॉप्या आणायचे. मामांनी विचारल्यावर त्यांनी लपवलं नाही. उलट तक्रारच केली, की त्या टिळेकरच्या औषधामुळं दोनदा यंत्र शिटी मारून अडलं आणि दोन चांगले गेम फेकून द्यावे लागले. सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्यांनी कधी घेतली नव्हती, आणि गेटवरच्या रजिस्टरात त्यांची सही कुठंच नव्हती. म्हणजे चावडीवर रोग दोनदा आला आणि दोनदा बाहेर हाकलला गेला होता.

उठता उठता काकासाहेबांनी बॉम्ब टाकला. म्हणाले, पुंडलिकच्या जेवणाच्या डब्याचा खालचा कप्पा कधी तपासलात का? दर आठवड्याला त्यातून फ्लॉप्या बाहेर जातात, मी स्वतः त्याला भरताना पाहिलंय.

मामांचा चेहरा उतरला. गेट त्यांचं होतं. दुधाच्या किटल्या उचलणाऱ्या माणसाच्या नाकासमोरून कुणी डब्यातून माल नेत होतं.

पुंडलिकला आत घेतलं. तो नेहमीसारखा आधी “जय भीम, मामा” म्हणाला आणि उभाच राहिला. मामांनी सकाळचं सगळं विचारलं. किल्ली घेतली, सही केली, खोली उघडली, सर्व्हरचं बटण दाबलं, पडदा काळा झाला, सरांना सांगितलं. सर्व्हरमध्ये फ्लॉपी घातली का? नाही. कधी घातली होती? कधीच नाही, सरांची मनाई आहे.

“आन डब्यातून काय नेतो रं तू?”

पुंडलिकनं माझ्याकडं पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. तो एका अक्षरानंही बोलला नाही, आणि त्याच्या गप्प राहण्यानं माझी उरलीसुरली शंका फिटल्यासारखी झाली.

३

टिळेकर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आला, डोळे तांबारलेले, हातात फ्लॉप्यांची पेटी. दोन तास तो सर्व्हरच्या खोलीत होता. मामा दारात बसून राहिले, आत पाऊल न टाकता. मग आप्पासाहेब, काकासाहेब, मी आणि मामा यांच्यासमोर त्यानं निदान सांगितलं.

रोगच होता. डिस्कच्या अगदी पहिल्या ओळीत त्याचा अवशेष सापडला. पुण्यात महिन्यापूर्वी त्यानं असाच एक पाहिला होता. ह्या रोगाच्या दोन खोडी होत्या. पहिली, तो नुसती फ्लॉपी घालून वाचल्यानं लागत नाही. यंत्र बंद असताना फ्लॉपी आत राहिली आणि त्याच अवस्थेत बटण दाबलं, तरच तो फ्लॉपीवरून यंत्रात उतरतो. दुसरी, उतरला की लगेच काही करत नाही. यंत्र किती वेळा चालू झालं ते मोजत बसतो. चौसष्टाव्या वेळेला सगळं पुसतो.

“म्हणजे काल बटण दाबणारा माणूस आणि रोग आणणारा माणूस एकच असेल असं नाही,” टिळेकर म्हणाला. “काल बटण कुणीही दाबलं असतं तरी हेच झालं असतं.”

काकासाहेबांना ते पटलं नाही. त्यांच्या मते रोज बटण दाबणारा पुंडलिकच, मग फ्लॉपी आत ठेवून बटण दाबायला त्याला कोण अडवणार होतं. आणि फ्लॉप्या तर तो डबे भरून वागवत होता. त्यांच्या तर्कात कुठं फट दिसत नव्हती.

मी मात्र टिळेकरच्या एका वाक्यापाशी अडलो होतो. फ्लॉपी आत आणि बटण. कुठंतरी काहीतरी पाहिल्यासारखं वाटलं आणि मी ते झटकून टाकलं. मान वर केली तर मामा माझ्याकडंच पाहत होते, मेंढरू लंगडतंय का हे पाहावं तसं.

ते उठले आणि टिळेकरला म्हणाले की पेटी घ्या, आपल्याला भीमनगरला जायचंय.

४

भीमनगरात पुंडलिकचं घर शोधायला वेळ लागला नाही. गल्लीभर निळ्या पताका होत्या. पुंडलिकची आई चंपाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. मुलगा दोन दिवस का गप्प आहे ते तिला ठाऊक नव्हतं, त्यानं घरी काही सांगितलंच नव्हतं. कंपनीचे साहेब आले म्हणून ती लगबगीनं उठली, आम्हाला चटईवर बसवलं आणि तिळाचे लाडू पुढं केले.

मामांनी तिला चोरी, पोलीस असलं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की पुंडलिक कंपनीतून काळ्या चौकोनी चकत्या आणतो, त्या कुठं ठेवतो.

“पेटीत,” ती म्हणाली. “दर हप्त्याला आणतो. म्या कडुलिंबाचा पाला टाकते वर, कसर लागू नये म्हून.”

पत्र्याची पेटी तिनं स्वतः ओढून आणली. वर खरोखर वाळलेला कडुलिंब होता. खाली एका बाजूला कागद, जातीचा दाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, प्रत्येकाच्या दोन दोन नकला, आणि दुसऱ्या बाजूला फ्लॉप्यांचे गठ्ठे. प्रत्येकीवर पुंडलिकच्या टपोऱ्या अक्षरात तारीख. शेवटची १३ जानेवारीची होती. ‘मोजमापं, साचे, शेरे’ असं प्रत्येक गठ्ठ्यावर लिहिलेलं.

मी ते वाचलं आणि चटईवरच बसून राहिलो. आमची चार वर्षं त्या पेटीत होती.

चंपाबाईला वाटलं मुलानं काही चुकीचं केलं. ती घाईघाईनं सांगू लागली. गंगापूर तालुक्यात त्यांचं गाव होतं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आणि गावात वस्तीला आग लागली. पुंडलिक तेव्हा दहा वर्षांचा. माणसं वाचली, पण पुंडलिकच्या बापाचा रेल्वेच्या नोकरीचा कॉल आला होता, त्याचे सगळे कागद जळाले. शाळेनं दुसरा दाखला द्यायला दीड वर्ष लावलं. तोवर नोकरी गेली होती.

“तवापासून ह्यानं एकच खूळ धरलं,” ती म्हणाली. “कोणताबी कागद एका जागी ठेवायचा नाय म्हंतो. एक जळला तर दुसरा पायजे. तुमचं काय नुकसान झालं का, दादा?”

मी नाही म्हणालो.

टिळेकरनं त्या फ्लॉप्या कारखान्यात आणून काकासाहेबांच्याच डेस्कटॉपवर नवं औषध चढवून एकेक तपासल्या. एकशे बारा. एकीतही रोग नव्हता. त्या सर्व्हरच्या जवळही गेल्या नव्हत्या, पुंडलिक आपल्या डेस्कटॉपवर बसून वायरीवरून नकला उतरवायचा, आणि डेस्कटॉपवर औषध जागं होतं. फ्लॉपी बाहेर न्यायची नाही हा माझाच नियम. नकला दाखवल्या तर चोर ठरतो आणि लपवल्या तर घातकी, म्हणून तो गप्प बसला होता.

मी म्हणालो की आत्ता जाऊन आप्पासाहेबांना सांगू. मामांनी माझा दंड धरला.

“आत्ता दाखवलं तर ह्यालाच चोर म्हंतील. आधी रोग कुणी आणला ते सांगावं लागंल. साहेब, मेंढरांत रोग शिरला तर आमी आजारी मेंढराभवती बसत नाय. कळप कोणच्या पाणवठ्यावर गेलता, ते मागं मागं बघत जातो. तुमच्या सर्व्हरचं बटण दिवसातून किती येळा दाबतात?”

एकदाच, मी सांगितलं. सकाळी चालू, संध्याकाळी बंद. लाइट गेली तरी बॅटरीवर चालतो.

“आन किल्ली दिवसातून एकदाच माज्याकडून जाते,” मामा म्हणाले आणि त्यांनी गेटवरचं किल्ल्यांचं रजिस्टर मागवलं.

५

साडेपाच वाजले होते. आप्पासाहेबांच्या केबिनमध्ये आम्ही सहाजण होतो, पुंडलिक दाराशी. मामांनी टेबलावर तीन वस्तू ठेवल्या, किल्ल्यांचं रजिस्टर, व्हरांड्यातल्या भिंतीवरून उतरवलेला दसऱ्याचा फोटो, आणि खिशातून काढलेले मूठभर चिंचोके.

ते रजिस्टरात मागं मागं जाऊ लागले. प्रत्येक सहीला एक चिंचोका. वीस झाले की एक ढीग. ते विशीनंच मोजायचे, घरी मेंढरं तशीच मोजली होती. पंधरा जानेवारीची पुंडलिकची सही पहिली. मध्ये सुट्ट्या आल्या, दोन बंद आले, दिवाळीचा आठवडा कोरा गेला. तीन ढीग झाले आणि वर चार चिंचोके आले तेव्हा मामांचं बोट एका तारखेवर थांबलं.

“तीन विसा आन चार,” ते म्हणाले. “मालक, सही वळखा.”

२४ ऑक्टोबर १९९३. विजयादशमी. सही आप्पासाहेबांची होती.

काकासाहेब उसळून काही बोलणार होते, आप्पासाहेबांनी हातानं थांबवलं. त्यांना आठवलं होतं. खंडेनवमीला आम्ही सगळ्या यंत्रांची पूजा करतो, तशी सर्व्हरचीही केली होती. पूजा मांडली की ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलवायची नाही, आणि दसऱ्याला पहिलं बटण मालकाच्या हातानं दाबायचं, हा शिरस्ता. तो त्यांनी पाळला होता. पण फ्लॉपीचं काय?

मामांनी फोटो पुढं सरकवला. हार घातलेला सर्व्हर, नारळ, हळदकुंकू, शेजारी आप्पासाहेब, काकासाहेब, मी. आमच्या सर्व्हरच्या फ्लॉपीच्या खाचेवर एक खिट्टी असायची. खाच रिकामी असली की आडवी, फ्लॉपी आत असली की उभी. फोटोतल्या झेंडूच्या हाराखाली खिट्टी उभी होती. हा फोटो रोज माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर टांगलेला होता आणि मी तो एकदाही नीट पाहिला नव्हता.

“ह्या फोटोत पुंडलिक का नाय?” मामांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. “कारण फोटो त्यानंच काढला. पूजेला आत या, असं त्याला कुणी म्हटलं नाय. कॅमेरा हातात देऊन दाराबाहेर उभं केलं. बाहेर व्हता म्हून त्याच्या फोटोत खिट्टी आली.”

पुंडलिक जमिनीकडं पाहत होता.

आप्पासाहेबांनी खुर्चीमागच्या देव्हाऱ्याकडं पाहिलं. मग उठले आणि गणपतीच्या मूर्तीमागून एक फ्लॉपी काढली. तिच्यावर कुंकवाचं बोट होतं. गुलमंडीवर कॉम्प्युटरवर पत्रिका काढून देणारं एक दुकान निघालं होतं, तिथून त्यांनी कारखान्याची पत्रिका करून आणली होती. पत्रिका यंत्राच्या पोटात असताना पूजा झाली तर यंत्राला बरकत येईल असं त्यांना वाटलं. त्या दुकानात दिवसाला पन्नास लोकांच्या फ्लॉप्या एकाच यंत्रात जात असणार. टिळेकरनं ती शेजारच्या खोलीतल्या काकासाहेबांच्या डेस्कटॉपमध्ये घातली. भिंतीपलीकडून शिटी सगळ्यांना ऐकू आली.

“आमच्याकडं बाजारातून आणलेलं मेंढरू आठ दिवस दूर बांधतात,” मामा म्हणाले. “पन देवाला सोडलेला मेंढा असला की हार घालून थेट कळपात घेतात. त्याचं तोंड उघडून कोण बघनार? रोग बऱ्याच बारी त्योच आणतो.”

आप्पासाहेब खाली बसले. चूक समजली होती, पण एक गोष्ट त्यांना कळत नव्हती. दसऱ्याला बटण दाबल्यावर यंत्र तर नीट चालू झालं होतं. मग फ्लॉपी आत होती तर ती बाहेर कुणी काढली?

मामांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी चिंचोके गोळा करायला सुरुवात केली. मला तेवढी सवड दिली होती त्यांनी.

“मी काढली,” मी म्हणालो.

सकाळपासून झटकत होतो ते सगळं समोर आलं होतं. आप्पासाहेबांनी बटण दाबलं आणि पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, की ही डिस्क चालण्याची नाही, काढा आणि पुन्हा सुरू करा. आप्पासाहेबांनी विचारलं, काय म्हणतंय? दसऱ्याच्या सकाळी मालकाच्या हातून अपशकुन झाला हे सांगायची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, नमस्कार म्हणतंय. आणि आडोशानं फ्लॉपी काढून घेतली. दुसरा कुणी असता, पुंडलिक असता, तर मी ती फ्लॉपी तिथंच तपासली असती आणि त्याला चार शब्द सुनावले असते. मालकाची फ्लॉपी मी न तपासता, दोन्ही हातांनी, पूजेच्या ताटात ठेवून दिली.

मग मी पेटीतल्या एकशे बारा फ्लॉप्यांची हकिगत सांगितली, भीमनगरची आणि गंगापूरकडच्या आगीचीही. आप्पासाहेब ऐकत होते. शेवटी त्यांनी पुंडलिकला जवळ बोलावलं आणि विचारलं की नियम मोडून नकला नेल्या हे आधी का सांगितलं नाहीस.

“सांगितलं असतं तर तुम्ही ऐकून घेतलं असतं का, साहेब?” पुंडलिकनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

आप्पासाहेबांनी नाही म्हणून मान हलवली. मग त्या फ्लॉपीवरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं आणि ती टिळेकरकडं दिली.

त्यानंतरचे तीन दिवस पुंडलिक आणि मी फ्लॉप्यांवरून एकेक मोजमाप सर्व्हरवर चढवत होतो. स्कूटर कंपनीचे लोक आले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. पुंडलिकला कायम केल्याचं पत्र पंधरा दिवस आधीच मिळालं. त्यानं ते वाचलं आणि झेरॉक्स काढून आणायला गेला. काकासाहेबांनी त्याची माफी मागितली नाही. पण त्या वर्षीच्या पूजेला त्यांनी कॅमेरा आपल्याच गळ्यात अडकवला आणि फोटो काढले, सगळे तिरपे.

लोक मला अजून विचारतात, की डेस्कटॉपला ठीक आहे, पण सर्व्हरला अँटिव्हायरस खरंच लागतो का. मी लागतो म्हणतो. पण हेही सांगतो, की औषध सांगितलेला रोगच ओळखतं, आणि नवा रोग येतो तेव्हा ते झोपलेलं असतं. म्हणून नक्कल दुसऱ्या घरी हवी. आणि ज्याला आपण तपासत नाही, त्याला का तपासत नाही, हे अधूनमधून स्वतःला विचारावं. मी ते विचारलं नव्हतं. माझ्या लेखी जो बाटवणारा होता त्यानं वाचवलं, आणि सोवळ्यातल्या हातांनी बुडवलं, त्यातला एक हात माझा होता.

सोनाजीमामा पुढं निवृत्त होऊन देवगावला गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी गेटवर आप्पासाहेबांची गाडी थांबवली आणि काच खाली करायला लावून विचारलं, “मालक, संगं फ्लापी हाये का?” आप्पासाहेबांनी मुकाट्यानं बॅग उघडून दाखवली.

ही हकिगत मला कधीतरी लिहून ठेवायची होती, आज ठेवली. दोन प्रती केल्या आहेत. एक माझ्या कपाटात आहे आणि दुसरी चंपाबाईच्या पेटीत, कडुलिंबाच्या पाल्याखाली.